लाकूड गेलं, अस्वल राहिलं: प्राचीन चीनचे सोनेरी प्राणी कसे पाहावेत

संग्रहालयात काचेमागं एक सोनेरी अस्वल बसलेलं असतं. जेमतेम वीतभर, कधी त्याहूनही लहान. पोट पुढं आलेलं, एक पंजा गुडघ्यावर, तोंड उघडं. खालच्या पाटीवर एवढंच: ‘अस्वल. कांस्य, सोन्याचा मुलामा. हान काळ.’ बघणारा दोन क्षण थांबतो, फोटो काढतो आणि पुढं जातो. पहिली काही वर्षं मीही असंच करत होते.

मग एकदा अशाच एका अस्वलाच्या पाठीत मला चौकोनी खाच दिसली. नुसत्या शोभेच्या शिल्पाला पाठीत खाच कशाला लागेल? ते अस्वल कशाचा तरी पाय होतं. त्याच्यावर लाकडाचं काहीतरी उभं होतं, आणि दोन हजार वर्षांत ते लाकूड कुजून मातीत गेलं होतं. तेव्हापासून मी आधी खाच शोधते आणि चेहरा नंतर बघते.

नव्यानं या विषयाकडं वळणाऱ्यांसाठी तीच पद्धत इथं पायरीपायरीनं सांगते आहे. काळ साधारण युद्धरत राज्यांपासून (इ.स.पू. ४७५ ते २२१) हान राजघराण्याच्या अखेरीपर्यंतचा, म्हणजे इ.स. २२० पर्यंतचा. वस्तू म्हणजे घरातल्या सामानावर आणि रथांवर बसवलेले धातूचे प्राणी.

पहिली पायरी: आधी खोली डोळ्यांपुढं आणा

त्या खोलीत खुर्ची नाही. चीनमध्ये खुर्चीवर बसण्याची सवय सर्वत्र रुळली ती बरीच नंतर, थांग आणि सोंग काळांत. हान काळातला राजपुत्र काय किंवा कारकून काय, जमिनीवर अंथरलेल्या चटईवर गुडघे मोडून बसायचा. पुढ्यात बुटकं मेज, पाठीमागं लाकडी पडदा, बाजूला मद्याचं पात्र. सगळं जमिनीलगत.

पाट, सतरंजी, पंगत हे सगळं आपल्या ओळखीचं असल्यामुळं ही खोली समजून घेणं मराठी माणसाला अवघड जाऊ नये. जमिनीवर बसलेल्या माणसाची नजर कुठं जाते, ते आठवा. टेबलाच्या पायाकडं एरवी कोण बघतं? पण बसणाराच खाली असला की मेजाचा पाय, पडद्याची बैठक, चटईचा कोपरा हे सगळं त्याच्या नजरेच्या टप्प्यात येतं. म्हणून तर एवढं सोनं नेमकं तिथं लावलेलं आहे. काचेसमोर उभं राहून वरून पाहू नका. जमलं तर थोडं खाली वाका. अस्वलाचं तोंड वर का वळलेलं आहे, ते लगेच कळतं.

दुसरी पायरी: तळ आणि पाठ

वस्तू कशाला जोडलेली होती, हे चेहऱ्यावरून सहसा कळत नाही. ते कळतं मागच्या आणि खालच्या बाजूवरून. तळ सपाट, वस्तू आटोपशीर, कुठंही खाच किंवा भोक नाही आणि आकाराच्या मानानं वजन जास्त, तर ती बहुधा चटईवर ठेवायचं वजन. पाठीत किंवा डोक्यावर खाच, खुंटी, सपाट टेकू असेल, तर ती कशाचा तरी पाय किंवा आधार. मागून पोकळ नळी असेल, तर ती एखाद्या दांड्याच्या टोकावर टोपीसारखी चढवलेली होती; रथाचे बरेच भाग असे असतात. पत्रा पातळ आणि मागं कड्या असतील, तर त्यातून चामड्याचा पट्टा जात होता, म्हणजे ती घोड्याच्या साजातली वस्तू.

बऱ्याच संग्रहालयांत मागची बाजू दिसतच नाही. तेव्हा संकेतस्थळावरचे फोटो बघायचे. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन आणि वॉशिंग्टनचं स्मिथसोनियन यांनी आपल्या संग्रहांतली असंख्य छायाचित्रं सर्वांसाठी मोफत खुली केली आहेत, आणि पुष्कळ वस्तूंचे एकाहून जास्त बाजूंचे फोटो तिथं सापडतात.

तिसरी पायरी: चटईची वजनं

माझा सगळ्यात आवडता प्रकार हाच, म्हणून इथं जरा जास्त थांबते.

नवी चटई अंथरली की तिचे कोपरे गुंडाळल्यासारखे वर येतात. त्यात हान काळातला पोशाख लांब आणि पायघोळ. बसताना, उठताना त्याचा काठ चटईच्या कोपऱ्यात अडकायचा. उपाय सोपा होता: चार कोपऱ्यांवर चार वजनं. चिनी भाषेत त्यांना ‘शीझेन’ म्हणतात. ‘शी’ म्हणजे चटई आणि ‘झेन’ म्हणजे दाबून ठेवणारं. म्हणून ही वजनं चारच्या संचात घडवली जायची. संग्रहालयात एकटं किंवा जोडीनं बसलेलं दिसलं, तर बाकीची भावंडं कुठं गेली हा प्रश्न मनात यायला हवा. बॉस्टनच्या इझाबेला स्टुअर्ट गार्डनर संग्रहालयात मुलामा दिलेल्या अस्वलांची अशी एक सुंदर जोडी आहे.

या कामाच्या तीन गरजा होत्या. वजन भरपूर हवं, उंची कमी हवी, आणि कपडा अडकेल असं काहीही बाहेर आलेलं नको, कारण ज्या त्रासासाठी वजन ठेवलं तोच त्रास त्यानं द्यायला नको. आता हे प्राणी पुन्हा बघा. वाघ अंगाचं वेटोळं करून झोपलेला. बिबट्या मान वळवून स्वतःच्या पाठीला टेकलेला. मेंढ्याचे पाय पोटाखाली. शेपटी मोकळी कुणाचीच नाही, ती अंगाला चिकटलेली. कारागिरानं प्राण्याला गोड दिसावं म्हणून गुंडाळलेलं नाही. कामानं त्याला गुंडाळलं, आणि त्या गुंडाळण्यातून तो झोपाळू जिवंतपणा आला. कामाची गरज आणि जनावराचा स्वभाव इतके एकजीव झालेले मी दुसऱ्या कुठल्याच धातुकामात पाहिलेले नाहीत.

एक उदाहरण पक्कं लक्षात ठेवावं असं. हबेई प्रांतात मानचंग इथं १९६८ साली डोंगरात कोरलेल्या दोन समाध्या सापडल्या. एक झोंगशानचा राजपुत्र लियू शंग याची, तो इ.स.पू. ११३ मध्ये वारला. दुसरी त्याची पत्नी दोउ वान हिची. जेडच्या तुकड्यांचे, सोन्याच्या तारेनं शिवलेले अंगरखे याच समाध्यांतले. दोउ वानच्या समाधीत मुठीत मावतील एवढे चार बिबटे निघाले. अंगावर सोन्याचांदीनं जडवलेले फुलांच्या आकाराचे ठिपके. पोटात शिसं ओतलेलं, म्हणजे एवढासा जीव पण हाताला चांगलाच जड. डोळे पांढऱ्या अकीकाचे, तरी दिसतात लालसर, कारण ते बसवताना वापरलेल्या चिकटद्रव्यात लाल रंग मिसळलेला होता. दिव्याच्या उजेडात चटईच्या चार कोपऱ्यांवरून ते डोळे कसे चमकत असतील!

हरणाच्या आकाराची वजनं दिसली तर तीही नीट बघा. त्यांत काहींची पाठ धातूची नसतेच. तिथं मोठी ठिपकेदार समुद्री कवडी बसवलेली असते. कवडीचे नैसर्गिक ठिपके हेच हरणाचे ठिपके. समुद्रापासून दूरच्या घरात ही कवडी मुद्दाम आणवलेली असायची.

चौथी पायरी: पाय, बैठका आणि पडदे

अस्वल हा भार उचलणारा प्राणी. मद्याच्या गोल पात्रांना तीन अस्वलांचे पाय असायचे आणि ती बसल्या बसल्या डोक्यावर, खांद्यावर भार घेतात. ‘अस्वलाचे पाय’ हे नाव आपण आज दिलेलं नाही. बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात सोन्याचा मुलामा दिलेलं एक पात्र आहे. त्याच्या खालच्या तबकावर कोरलेल्या मजकुरात वर्ष आहे (इ.स. ४५), शू प्रांताच्या पश्चिम कार्यशाळेचं नाव आहे, आणि चक्क ‘बसलेल्या अस्वलाचे पाय’ असा उल्लेखही आहे. शू म्हणजे आजचा सिचुआन. दोन हजार वर्षांपूर्वीच्या नोंदीत त्या पायांना दिलेलं नाव आज आपण वाचू शकतो, हे मला फार मोठं वाटतं.

लाकडी सामान कसं गायब होतं आणि धातूवरून ते परत कसं उभं करता येतं, हे शिकायचं असेल तर ग्वांगझोऊला जायला हवं, निदान तिथले फोटो तरी बघायला हवेत. १९८३ साली शहरातल्या एका टेकडीवर बांधकाम चालू असताना नानयुए राज्याचा दुसरा राजा जाओ मो याची समाधी सापडली. तो इ.स.पू. १२२ च्या सुमारास वारला. समाधीत लाखकामाचा एक मोठा लाकडी पडदा होता, सुमारे ३ मीटर रुंद. लाकूड जवळजवळ गेलेलंच होतं. उरले होते मुलामा दिलेले कांस्याचे भाग, आणि ते जिथं पडले होते त्या जागा. वरच्या कडेला बसवलेले पंख पसरलेले लाल पक्षी, दोन्हीकडं तोंड असलेला एक राक्षसी चेहरा, खाली आधाराला वेटोळं घातलेले नाग-ड्रॅगन, आणि कोपऱ्यात गुडघे टेकून बसलेला, डोळे वटारलेला एक पैलवान. त्याच्या तोंडात साप आणि हातांतही साप. वरच्या भागांना पिसं खोचण्यासाठी नळ्या आहेत. पिसं अर्थातच राहिली नाहीत. या तुकड्यांच्या खाचा, कोन आणि मापं जुळवून संशोधकांनी अख्खा पडदा पुन्हा बांधला, आणि तो आज तिथल्या नानयुए राजा संग्रहालयात उभा आहे. मूळ तुकडे आणि पुन्हा बांधलेला पडदा एकानंतर एक बघा. दुसऱ्या पायरीत सांगितलेलं सगळं एका फेरीत समजतं.

याच्याही आधीचं आणि माझ्या मते कौशल्यात त्याहून सरस काम झोंगशानच्या जुन्या राज्यातलं. पिंगशानजवळ १९७० च्या दशकात राजा त्स्वो याची समाधी उत्खनन करून काढली, तो इ.स.पू. चौथ्या शतकाच्या अखेरीचा. तिथल्या चौरस मेजाची धातूची चौकट चार हरणं, चार ड्रॅगन आणि चार फिनिक्स यांच्या गुंत्यावर उभी आहे. वरची लाकडी फळी नाही. आणि पडद्याची एक बैठक: वाघानं हरणाचं पिल्लू तोंडात धरलं आहे. वाघाचा एक पुढचा पंजा शिकार धरण्यात गुंतल्यामुळं हवेत आहे. मग तोल? पिल्लाचा पायच जमिनीला टेकवून तो आधार साधला आहे. वाघाच्या मानेवर आणि ढुंगणावर पडद्याच्या फळ्या अडकवायच्या खोबणी आहेत. या वस्तू मुलाम्याच्या नाहीत, सोन्याचांदीच्या जडावाच्या आहेत. हा फरक पुढं येईल.

पाचवी पायरी: रथ

रथाचे तुकडे ओळखणं नवख्याला सगळ्यात कठीण जातं, कारण आपण अख्खा रथ पाहिलेलाच नसतो. म्हणून आधी अख्खा रथ बघा, तुकडे नंतर. शियानजवळ पहिला सम्राट चिन श हुआंग याच्या समाधीपाशी १९८० साली कांस्याचे दोन रथ सापडले. प्रत्येकाला चार घोडे, आकार खऱ्याच्या निम्मा. जे भाग खऱ्या रथात लाकडाचे, चामड्याचे, कापडाचे असते ते सगळे इथं धातूत ओतलेले, त्यामुळं काहीच कुजलेलं नाही. दोन क्रमांकाच्या रथाचं वजन १,२०० किलोहून जास्त आणि सुटे भाग तीन हजारांवर. त्याचा मोठा फोटो समोर ठेवा आणि एकेक भाग शोधा.

चाकाच्या बाहेर आसाच्या टोकावर असते ती टोपी. तिच्यातून आडवी जाणारी खीळ, जी चाक निसटू देत नाही, तिच्या डोक्यावर बऱ्याचदा प्राण्याचा मुखवटा असतो. पुढच्या दांडीच्या टोकाला आणि जोखडाच्या दोन्ही टोकांना प्राण्यांची तोंडं. हनान प्रांतात हुइश्यान इथं १९५१ साली सापडलेलं घोड्याच्या डोक्याचं टोक त्यातलं प्रसिद्ध. रथावरच्या छत्रीच्या काड्यांच्या टोकांना बसवलेल्या छोट्या नळ्यांना ‘गायगोंगमाओ’ म्हणतात. त्यांना बाजूला आकडा असतो आणि छत्रीचं कापड त्यात अडकवायचं. या नळ्या एकाच रथाला डझनांनी लागतात, म्हणून संग्रहालयांत त्या भरपूर दिसतात. घोड्याच्या कपाळावरचं पानासारखं लांबट पदक म्हणजे ‘दांगलू’.

दांगलू बघायला नानचांगच्या हाइहून संग्रहालयाइतकी चांगली जागा नाही. ही लियू ह याची समाधी. इ.स.पू. ७४ मध्ये तो २७ दिवस सम्राट होता, मग पदच्युत झाला आणि अखेर हाइहूनचा सरदार म्हणून इ.स.पू. ५९ मध्ये वारला. २०११ मध्ये समाधी सापडली. शेजारच्या खड्ड्यात पाच खरे रथ, वीस घोडे आणि साजाचे तीन हजारांवर तुकडे होते. घोडे आणि लाकूड मातीला मिळाले. कपाळावरची पदकं राहिली, सोन्याच्या बारीक रेषांत ड्रॅगन, वाघ, पक्षी, मासे घेऊन. सिंहासन गेलेल्या माणसाच्या घोड्यांना हा थाट शेवटपर्यंत होता.

सहावी पायरी: सोनं कसं चढवलं

इथं तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच ‘सोनेरी’ शब्दात कोंबल्या जातात. पातळ पत्रा वर गुंडाळणं, खोदलेल्या खाचेत तार ठोकून जडाव करणं, आणि पाऱ्याचा मुलामा, ज्याला चिनी भाषेत ‘लिऊजिन’ म्हणतात. जडावात सोन्याची कड स्पष्ट असते आणि नक्षीच्या मध्ये उघडं कांस्य दिसतं. मुलाम्यात सोनं सलग, कातडीसारखं पसरलेलं.

मुलाम्याची कृती समजायला कल्हईवाला आठवा. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा आणि कथलाचा हात फिरवायचा. इथं कथलाच्या जागी सोनं आहे आणि ते पसरवायला पारा आहे. सोन्याचे बारीक तुकडे तापवून पाऱ्यात विरघळवले की लोण्यासारखा लगदा तयार होतो. घासूनपुसून स्वच्छ केलेल्या कांस्यावर तो लगदा चोळायचा आणि वस्तू निखाऱ्यावर धरायची. पारा ३५७ अंश सेल्सियसला उकळतो. तो वाफ होऊन जातो आणि मागं मंद पिवळट थर उरतो. मग अकीकासारख्या कठीण, गुळगुळीत दगडानं घोटून त्याला चकाकी आणायची. हवा तेवढा थर बसेपर्यंत हे पुन्हा पुन्हा. मिश्रधातूत शिसं जास्त असेल तर मुलामा नीट धरत नाही, डाग पडतात. म्हणजे जे शिसं पोटात भरलं तर उपयोगाचं, तेच अंगात मिसळलं तर त्रासाचं. चांगल्या कारागिराला दोन्ही माहीत असणार.

पाऱ्याची वाफ विषारी असते. त्या निखाऱ्यापाशी रोज बसणाऱ्यांच्या फुफ्फुसांचा आणि हातांच्या थरथरीचा विचार केल्याशिवाय मला ही चकाकी बघता येत नाही. घरी हा प्रयोग कधीही करू नका. नेपाळमध्ये पाटणच्या मूर्तिकारांनी हीच पद्धत आजवर जपली आहे.

सातवी पायरी: हिरवा गंज वाचा

जुन्या वस्तूचं सोनं गंजत नाही, पण त्याखालचं तांबं गंजतं. त्यामुळं हिरवा, कधी निळा गंज खालून वर येतो आणि सोन्याच्या थराला फोडून, उचलून बाहेर पडतो. भिंगातून बघितलं तर गंजाच्या फोडांच्या कडेला सोन्याचे तुटके पापुद्रे दिसतात. उलट, सोन्यावर वरून फासल्यासारखा एकसारखा हिरवा रंग दिसला तर शंका घ्या. नाक, भुवया, गुडघे अशा उंच जागांवर मुलामा झिजलेला आणि खोलगट जागी शाबूत, हे हाताळलेल्या वस्तूचं लक्षण. हल्लीच्या विजेच्या मुलाम्यात पारा नसतो. क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणाऱ्या यंत्रात तो सापडला नाही, तर हान काळाचा दावा डळमळतो. सापडला म्हणून मात्र वस्तू जुनी ठरत नाही, कारण नकला करणारेही पारा वापरतात. पक्का निर्णय प्रयोगशाळेचा आणि उत्खननाच्या नोंदींचा.

म्हणून पाटीवर सगळ्यात मोलाचा शब्द मी कोणता मानते? ‘उत्खनन’. कुठल्या समाधीतून, कोणत्या साली, कशाशेजारी पडलेली होती, हे माहीत असलेली एक साधी अस्वलाची जोडी बाजारातून आलेल्या दहा देखण्या अस्वलांपेक्षा जास्त शिकवते. नानयुएचा पडदा उभा राहिला तो तुकडे जिथल्या तिथं सापडले म्हणून. कुणा चोरानं ते पक्षी आधीच उचलून विकले असते, तर आज ते पाच देशांत पाच ‘सोनेरी पक्षी’ म्हणून बसले असते आणि पडदा होता हेसुद्धा कुणाला कळलं नसतं.

त्यामुळं नवख्यांना माझा आग्रह: विकत घेऊ नका. इंटरनेटवर स्वस्तात मिळतं ते बहुतेक नकली, आणि खरं असेल तर ते कुणाच्या तरी समाधीतून उपसलेलं असण्याची भीती. सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा करार १९७० चा आहे. अमेरिकेनं २००९ पासून थांग काळाच्या अखेरीपर्यंतच्या चिनी पुरावस्तूंच्या आयातीवर निर्बंध घातले आहेत. भारतात पुरावस्तूंचा कायदा १९७२ चा.

आठवी पायरी: वही आणि पेन्सिल

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातून आलेली चिनी कला बघता येते. काळ वेगळा, वस्तू वेगळ्या. पण वस्तूचा तळ, बैठक, जोड बघण्याचा सराव तिथंही होतो.

वहीच्या एका पानावर एकच वस्तू. डावीकडं प्राणी काढा, जसा दिसतो तसा. चित्रकला येत नसली तरी चालेल. खाचा, भोकं, नळ्या, सपाट जागा यांवर खूण करा. मग दिसतं ते ठळक रेघेनं आणि नाहीसं झालेलं तुटक रेघेनं: चटईचा कोपरा, मेजाची फळी, रथाचा दांडा, घोड्याचं कपाळ. शेवटी शेजारी बसलेला माणूस काढा, म्हणजे उंचीचा अंदाज येतो.

माझ्या वहीत नानयुएच्या त्या सापवाल्या पैलवानाचं पान आहे. पानावर तो तळहाताएवढा, आणि त्याच्या डोक्यावरून निघालेली तुटक रेघ पान संपलं तरी थांबेना, म्हणून वरच्या बाजूला दुसरा कागद चिकटवावा लागला.